डिनामो झाग्रेबच्या नोंदीत मैदानही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर क्रोएशियाच्या डिनामो झाग्रेब क्लबच्या युरोपियन स्पर्धांतील कामगिरीची चौकट आली होती. इंग्लंड आणि स्पेनच्या चार-पाच क्लबांपलीकडे पाहून झाग्रेबला जागा दिलीत, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. मोमिनपुरा, सदर आणि कामठी भागात या क्लबची नोंद वर्षानुवर्षे ठेवणारे वाचक आहेत. त्यांच्यापैकीच आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. चौकटीतल्या दोन चुका दुरुस्त व्हायला हव्यात. तिसरी गोष्ट चूक नाही, पण ती सुटल्यामुळे सगळी आकडेवारी मुकी झाली आहे.

पहिली दुरुस्ती करंडकाची. डिनामोने युरोपात एकही करंडक जिंकलेला नाही असे चौकटीत म्हटले आहे. तसे नाही. १९६६-६७ चा इंटर-सिटीज फेअर्स कप डिनामोने जिंकला आहे. अंतिम फेरी दोन लढतींची होती. ३० ऑगस्ट १९६७ रोजी झाग्रेबच्या मक्सिमिर मैदानावर डिनामोने लीड्स युनायटेडला २-० असे हरवले. गोल मारियान चेर्चेक आणि क्रास्नोदार रोरा यांचे. ६ सप्टेंबरला लीड्सच्या एलंड रोडवर परतीची लढत ०-० सुटली आणि करंडक झाग्रेबला गेला. क्रोएशियाच्या दुसऱ्या कोणत्याही क्लबकडे असा करंडक आजही नाही. तेव्हाच्या युगोस्लावियाच्या क्लबांपैकीही एवढे मोठे यश पुढे थेट १९९१ मध्ये रेड स्टारला मिळाले.

ही नोंद हमखास का चुकते, तेही सांगतो. एक तर हंगाम १९६६-६७ चा, पण अंतिम लढती पुढच्या हंगामाच्या तोंडावर झाल्या. त्यामुळे कुणी १९६६ लिहितो, कुणी १९६८. दुसरे कारण मोठे आहे. फेअर्स कप युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, भरवलेला नव्हता. व्यापारी जत्रा भरवणाऱ्या शहरांसाठी १९५५ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा १९७१ मध्ये संपली आणि तिच्या जागी युएफा कप आला. त्यामुळे युएफा आपल्या अधिकृत यादीत फेअर्स कप धरत नाही. आपल्या चौकटीचा आधार ती यादी असेल, तर तिथे डिनामोच्या नावापुढे शून्य दिसणारच. म्हणून ‘युएफाच्या यादीत करंडक नाही, १९६७ चा फेअर्स कप मात्र नावावर’ असे लिहिले तर ते बरोबर ठरेल. ‘युएफा कप विजेते’ असे कुठे कुठे वाचायला मिळते, तेही चूकच.

त्याआधीच्या दोन नोंदीही द्यायला हव्या होत्या. १९६०-६१ मध्ये कप विनर्स कप (देशोदेशींच्या कपविजेत्यांची स्पर्धा) पहिल्यांदा खेळला गेला, तेव्हा डिनामो उपांत्य फेरीत होता. फिओरेंटिनाकडून परक्या मैदानावर ०-३, घरी २-१. आणि १९६२-६३ च्या फेअर्स कपची अंतिम फेरी. तिथे व्हॅलेन्सियाने घरी १-२ आणि परतीत ०-२ असे हरवले.

दुसरी दुरुस्ती नावाची. चौकटीत ‘क्रोएशिया झाग्रेब’ हा वेगळा क्लब धरला आहे. तो डिनामोच आहे. युगोस्लाविया फुटल्यावर १९९१ मध्ये क्लबचे नाव बदलून हाश्क ग्राजान्स्की झाले, १९९३ मध्ये क्रोएशिया झाग्रेब झाले, आणि चाहत्यांनी ते कधी मनापासून न स्वीकारल्यामुळे २००० मध्ये पुन्हा डिनामो आले. नाव वेगळे धरल्यामुळे आपल्या चौकटीतून चॅम्पियन्स लीगचे दोन पूर्ण हंगाम गळले आहेत, १९९८-९९ आणि १९९९-२०००. यातल्या दुसऱ्या हंगामात या संघाने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ०-० रोखले होते. तेव्हा युनायटेड नुकतेच युरोपचे विजेते झाले होते. प्रशिक्षक होते अर्जेंटिनाचे ओस्वाल्डो आर्दिलेस.

१९९८-९९ चा हंगाम जरा थांबून पाहण्यासारखा आहे. गटात ऑलिम्पियाकोस, पोर्तो आणि आयाक्स. झाग्रेबने आयाक्सला ॲमस्टरडॅममध्ये १-० हरवले. दोन विजय, दोन बरोबरी, दोन पराभव, ८ गुण आणि गटात दुसरे स्थान. तरी संघ घरी परतला, कारण त्या वर्षी सहा गट होते आणि सहा विजेत्यांबरोबर फक्त दोन सर्वोत्तम उपविजेते पुढे जायचे. आता याच देशातल्या हायडुक स्प्लिटची १९९४-९५ ची नोंद शेजारी ठेवा. बेन्फिका, स्टेआवा आणि आंडरलेख्टच्या गटात त्यांचेही दोन विजय, दोन बरोबरी, दोन पराभव आणि दुसरेच स्थान. फरक इतकाच, की तेव्हा गट चार होते आणि प्रत्येक गटातले पहिले दोन संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत जात. हायडुक गेला, पुढे आयाक्सशी घरी ०-० खेळला आणि परक्या मैदानावर ०-३ हरला. कामगिरी तंतोतंत सारखी असूनही एकाच्या नावापुढे उपांत्यपूर्व फेरी आणि दुसऱ्याच्या नावापुढे गटसाखळी लागली. आपल्या चौकटीत हायडुकला डिनामोपेक्षा सरस ठरवले आहे ते या एका शब्दाच्या जोरावर. हायडुकची थोरवी आम्हाला मान्यच आहे. १९८४ मध्ये युएफा कपच्या उपांत्य फेरीत टॉटनहॅमकडून २-१, ०-१ असे केवळ परक्या मैदानावरील गोलमुळे (एकूण गोल सारखे असले की परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे, या नियमाने) बाहेर पडणे ही लहान गोष्ट नाही. पण ती तुलना स्पर्धेचे स्वरूप सांगितल्याशिवाय करता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपण डिनामोचे सगळे निकाल ‘विजय’ आणि ‘पराभव’ अशा दोन रकान्यांत लावले. युरोपियन बाद फेरी दोन लढतींची असते. एक घरी, एक परक्या मैदानावर, आणि दोन्हींचे गोल मिळवून निकाल लागतो. डिनामोच्या बाबतीत कोणती लढत आधी झाली आणि परतीची कुठे झाली, हे कळल्याशिवाय नोंदीचा अर्थच लागत नाही. परतीची लढत मक्सिमिरवर असली की हा संघ पिछाडी भरून काढतो. परतीची लढत परक्या मैदानावर असली की हातातली आघाडी सुटते. साठ वर्षांत पिढ्या बदलल्या, देश बदलला, हा स्वभाव फारसा बदलला नाही.

१९६७ पासूनच पाहा. विजेतेपदाच्या वाटेवर स्कॉटलंडच्या डनफर्मलिनकडे ४-२ हरून संघ घरी आला आणि २-० जिंकला. एकूण ४-४, परक्या मैदानावर दोन गोल केलेले म्हणून डिनामो पुढे. युव्हेंटसशी तुरिनमध्ये २-२, घरी ३-०. उपांत्य फेरीत आइनट्राख्ट फ्रँकफर्टने जर्मनीत ३-० असा धुव्वा उडवला होता. झाग्रेबला अतिरिक्त वेळेत ४-० झाले. उलटे उदाहरणही त्याच स्पर्धेत आहे. पहिल्या लढतीत चेकोस्लोव्हाकियाच्या स्पार्टाक ब्रनोला घरी २-० हरवले आणि परतीत ०-२ गमावले. गोल सारखे, परक्या मैदानावरचे गोलही सारखे, म्हणून नाणेफेक झाली आणि ती डिनामोने जिंकली. एकाच मोहिमेत एक फेरी नाण्यावर आणि एक परक्या मैदानावरच्या गोलवर सुटली. लीड्सचे ०-० इतके मोलाचे का, ते यावरून कळेल. त्या संघाने घरी मिळवलेली आघाडी परक्या मैदानावर टिकवून दाखवली, आणि तेही डॉन रेव्ही यांच्या लीड्ससमोर, ज्यांनी पुढच्याच वर्षी हाच करंडक जिंकला.

अलीकडच्या काळात हेच चित्र आणखी ठळक दिसते. २०१८-१९ च्या युरोपा लीगमध्ये नेनाद ब्येलित्सा यांच्या हाताखाली डिनामोने फेनरबाहचे, आंडरलेख्ट आणि स्पार्टाक त्रनावा यांचा गट एकही सामना न हरता जिंकला. बाद फेरीत व्हिक्टोरिया प्लझेनकडून आधी १-२, मग घरी ३-०. पुढच्या फेरीत बेन्फिकाला झाग्रेबमध्ये १-० हरवले आणि लिस्बनला अतिरिक्त वेळेत ०-३. २०२३-२४ च्या एकाच हंगामात ही चूक दोनदा झाली. ऑगस्टमध्ये स्पार्टा प्रागविरुद्ध घरी ३-१, प्रागमध्ये १-४. मार्चमध्ये पाओकविरुद्ध घरी २-०, सालोनिकाला १-५. दोन्ही वेळा दोन गोलांची आघाडी घेऊन विमानात बसलेला संघ एकूण गोलांत मागे पडून परतला. मधल्या फेरीत रेआल बेटिसविरुद्ध मात्र क्रम उलटा होता. आधी सेव्हियात १-०, मग घरी १-१, आणि डिनामो पुढे.

अपवाद आहेत, ते लपवायचे कारण नाही. २०१८ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या प्लेऑफला, म्हणजे पात्रतेच्या शेवटच्या फेरीत, स्वित्झर्लंडच्या यंग बॉइजशी बर्नमध्ये १-१ झाले होते. परतीची लढत घरी, सातव्याच मिनिटाला आघाडी, आणि तरीही यंग बॉइजच्या ओआरोने ६४ आणि ६६ व्या मिनिटाला दोन गोल करून १-२ अशी बाजी मारली. २०२१ मध्ये शेरीफ तिरास्पोलकडून ०-३ हरल्यावर घरी ०-० पलीकडे काही जमले नाही. त्याच उन्हाळ्यात योश्को ग्वार्दिओल लाइपझिगला गेला होता, हेही त्या निकालाशेजारी लिहायला हवे. पात्रता फेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये आणि खेळाडूंची विक्रीही त्याच महिन्यांत, अशी या क्लबची अडचण आहे. लुका मॉड्रिच, मातेओ कोवाचिच, दानी ओल्मो, ग्वार्दिओल हे सगळे झाग्रेबहूनच पुढे गेले. खेळाडू घडवून विकणे हा क्लबचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, आणि संघ जमतो न जमतो तोच त्यातला एखादा खांब निघून जातो.

परतीची लढत कुठे होणार, हे ठरते कसे? तेव्हाच्या युरोपा लीगच्या नियमानुसार गटात पहिले आलेल्या संघाला बाद फेरीच्या पहिल्या टप्प्यात परतीची लढत घरी मिळायची. त्यापुढे निव्वळ सोडत. म्हणजे शरद ऋतूत गट जिंकण्याचे फळ फेब्रुवारीत मिळायचे. २०२०-२१ मध्ये डिनामोने फायेनूर्ट, वोल्फ्सबर्गर आणि सीएसकेए मॉस्कोच्या गटात सहा सामन्यांत फक्त एक गोल खाल्ला. बाद फेरीत क्रास्नोदारला परक्या मैदानावर ३-२, घरी १-० असे नमवले. पुढे टॉटनहॅम. सोडतीत पहिली लढत झाग्रेबची निघाली होती. पण त्याच रात्री आर्सेनलचीही परतीची लढत लंडनमध्ये येत असल्याने क्रम बदलला. डिनामोला मक्सिमिरवर परतीची लढत मिळाली ती अशी.

त्या लढतीचे मिनिटागणिक वर्णन देतो, कारण चौकटीत तिच्यासाठी केवळ ‘विजय’ एवढाच शब्द होता. ११ मार्च २०२१ रोजी लंडनमध्ये हॅरी केनच्या दोन गोलांवर टॉटनहॅम २-० पुढे होता. १८ मार्चच्या लढतीआधी मुख्य प्रशिक्षक झोरान मामिच यांनी न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केल्यावर पद सोडले आणि दामिर क्रझनार यांच्याकडे जबाबदारी आली. स्टेडियम महामारीमुळे रिकामे. पूर्वार्ध कोरा. ६२ व्या मिनिटाला मिस्लाव्ह ओर्शिचने डावीकडून आत येत उजव्या पायाने लांबच्या कोपऱ्यात पहिला गोल केला. ८२ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा केला. एकूण २-२, अतिरिक्त वेळ. १०६ व्या मिनिटाला तिसरा, तोही ओर्शिचचाच. पण परक्या मैदानावरच्या गोलचा नियम तेव्हा लागू होता. युएफाने तो त्या हंगामानंतर काढला. याचा अर्थ असा, की उरलेल्या १४ मिनिटांत टॉटनहॅमने एक गोल केला असता तर एकूण ३-३ होऊन डिनामो बाहेर पडला असता. ३-० पुढे असलेल्या संघाचे दार एका गोलने बंद होणार होते. ते दार गोलरक्षक दोमिनिक लिवाकोविचने शेवटच्या मिनिटांत केनचे फटके अडवून उघडे ठेवले. नुसते ‘३-० विजय’ छापले तर यातले काहीच वाचकाला कळत नाही. पुढे उपांत्यपूर्व फेरीत व्हियारेआलने घरी ०-१, परक्या मैदानावर १-२ असे हरवले, आणि त्या वर्षी करंडकही त्यांनीच नेला.

चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीची आकडेवारी आम्ही मांडून पाहिली. आठ गटसाखळ्या आणि २०२४-२५ ची एक मोठी साखळी, असे नऊ हंगाम. ५६ सामने, ९ विजय, १० बरोबरी, ३७ पराभव. एकदाही बाद फेरी नाही. यातली दोन वर्षे फारच वाईट. २०११-१२ मध्ये सहाही सामने हरले, ३ गोल केले आणि २२ खाल्ले. शेवटच्या सामन्यात लिआँविरुद्ध घरी मध्यंतराला १-१ होते, सतरा वर्षांच्या कोवाचिचचा गोल होता, पण मैदानावर डिनामोचे दहाच खेळाडू उरले होते. निकाल १-७. २०१६-१७ मध्ये युव्हेंटस, सेव्हिया, लिआँसमोर सहा सामन्यांत एकही गोल नाही आणि १५ अंगावर. असे आकडे वाचले की क्लब दुबळा वाटतो, आणि ती दोन वर्षे तो दुबळाच होता.

पण विजय कोणते ते बघा. १६ सप्टेंबर २०१५ ला आर्सेनलवर २-१. १८ सप्टेंबर २०१९ ला अटलांटावर ४-०, ओर्शिचची हॅट्ट्रिक. ६ सप्टेंबर २०२२ ला चेल्सीवर १-०, गोल पुन्हा ओर्शिचचा, आणि दुसऱ्या दिवशी चेल्सीने प्रशिक्षक थॉमस टुखेल यांना काढले. तिन्ही विजय मक्सिमिरवर, तिन्ही सप्टेंबरमध्ये, तिन्ही गटातल्या पहिल्या सामन्यात. आणि तिन्ही वर्षी तो एकच विजय, शेवटी गटात चौथा क्रमांक. आमच्या मते कारण सरळ आहे. डिनामो जुलैपासून पात्रता फेऱ्या खेळत असतो. २०२२ चेच घ्या. श्कुपी, लुदोगोरेत्स आणि बोडो-ग्लिम्ट अशा तीन फेऱ्या, सहा सामने. बोडोकडून नॉर्वेत ०-१ हरून घरी अतिरिक्त वेळेत ४-१. सप्टेंबरमध्ये हा संघ अंगात भिनलेल्या लयीत असतो आणि समोरचे मोठे क्लब अजून जुळवाजुळव करत असतात. नोव्हेंबर आला की मोठ्या संघांची राखीव फळी कामाला येते. डिनामोकडे तेवढी फळी नसते. २०१९ मध्ये शाख्तारविरुद्ध घरी ८९ व्या मिनिटाला ३-१ आघाडी झाली होती. जादा वेळेत दोन गोल खाल्ले, त्यातला शेवटचा आठव्या जादा मिनिटाला पेनल्टीवर, आणि ३-३. ते दोन गुण हातात असते तर शेवटच्या फेरीत मँचेस्टर सिटीसमोर वेगळ्या मनाने उतरता आले असते.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो २०२४-२५ च्या हंगामाने. प्लेऑफला क्वाराबागला ३-० आणि २-० हरवून डिनामो नव्या स्वरूपाच्या साखळीत आला. ३६ संघ, प्रत्येकी आठ सामने, पहिले २४ पुढे. डिनामोचे तीन विजय. परक्या मैदानावर साल्झबर्गवर २-० आणि स्लोव्हान ब्रातिस्लाव्हावर ४-१, घरी मिलानवर २-१. मोनॅकोशी २-२, सेल्टिकशी ०-०. ११ गुण, या स्पर्धेतले या क्लबचे आजवरचे सर्वाधिक. आणि स्थान २५ वे. २४ व्या स्थानावर क्लब ब्रुजचेही ११ गुणच. ब्रुजचा गोलफरक उणे ४, डिनामोचा उणे ७.

ते उणे ७ कुठून आले? १७ सप्टेंबर २०२४, म्युनिक, बायर्नकडून ९-२. आपल्याकडे तेव्हा १८ तारखेची पहाट होती. सामना मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू झाला. तो एक सामना बाजूला काढला तर उरलेल्या सात सामन्यांत डिनामोचे १० गोल झालेले आणि १० खाल्लेले, म्हणजे फरक शून्य. आता त्या सामन्यातच शिरा. मध्यंतराला बायर्न ३-०. उत्तरार्ध सुरू होताच पेटकोविच आणि ओगिवारा यांनी दोन-तीन मिनिटांत ३-२ केले. मग संघ बरोबरीच्या मोहात पुढे सरकला आणि मागची जागा उघडी पडली. ७३ व्या मिनिटाला, टॉटनहॅमहून बायर्नला आलेल्या केनच्या पेनल्टीने ६-२. सामना तिथेच हरला होता, पण हंगाम हरायचा होता. तिथून पुढे ७८ व्या मिनिटाला पुन्हा केनची पेनल्टी, ८५ व्या मिनिटाला साने, आणि जादा वेळेत गोरेत्स्का. हे तीन गोल. सामना ६-२ वर थांबवता आला असता तर डिनामोचाही फरक उणे ४ झाला असता. फरक सारखा असला की केलेले गोल बघतात. डिनामोचे १२, ब्रुजचे ७. सप्टेंबरच्या त्या शेवटच्या पंधरा-सोळा मिनिटांत डिनामो २४ वा होता होता २५ वा झाला, आणि हे कळायला २९ जानेवारी २०२५ उजाडावा लागला. त्या रात्री मिलानला हरवूनही मक्सिमिरवर हिशेब जुळला नाही.

हरलेल्या सामन्यात मागे राहून गोल वाचवण्याचे महत्त्व मोतीबागच्या मैदानावर जिल्हा लीग पाहणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. तिथेही गुणतक्ता गोलफरकावरच फिरतो. बायर्नच्या सामन्यानंतर प्रशिक्षक सर्गेई याकिरोविच यांना जावे लागले, ब्येलित्सा परत आले, वर्षाअखेर त्यांच्या जागी फाबियो कान्नावारो आले. एप्रिलमध्ये तेही गेले आणि सांद्रो पेर्कोविच आले. एका हंगामात चार प्रशिक्षक. त्याच हंगामात देशांतर्गत लीगमध्येही रिएकाशी ६५-६५ अशी गुणांची बरोबरी झाली आणि आपसातल्या लढतींच्या जोरावर रिएका विजेता ठरला. सलग सात विजेतेपदांची माळ तिथे तुटली.

आपण क्रिकेटमध्ये हा तपशील किती काटेकोर देता, ते आम्ही रोज वाचतो. २०२५ चा रणजी अंतिम सामना जामठ्याला अनिर्णित राहिला. तेव्हा पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ केरळला मागे टाकून विजेता झाला, हे आपण पहिल्या परिच्छेदात लिहिलेत. नुसते ‘सामना अनिर्णित’ छापून थांबला नाहीत. फुटबॉलच्या निकालालाही तेवढेच हवे आहे. जागा फार लागत नाही. एका फेरीसाठी कॉलमच्या दोन ओळी पुरतात. आधी पहिली लढत, कंसात गाव, मग परतीची लढत, कंसात गाव, मग एकूण गोल, आणि अतिरिक्त वेळ किंवा पेनल्टी असल्यास तशी खूण. प्रत्येक ठिकाणी डिनामोचे गोल आधी लिहायचे, घरच्या संघाचे नव्हे. दोन पद्धती मिसळल्या की २-० चे ०-२ होते. आपल्या चौकटीत डनफर्मलिनची लढत तशीच उलटी पडली आहे. साखळी सामन्यांसाठी गुणांबरोबर केलेले आणि खाल्लेले गोल द्यावेत, आणि त्या वर्षी किती संघ पुढे जाणार होते तो आकडा शीर्षकाखाली एकदा द्यावा.

आणखी एक अडचण आम्हाला ठाऊक आहे. युरोपातल्या रात्रीच्या लढती उन्हाळी वेळेत आपल्याकडे साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होतात. अतिरिक्त वेळ धरली तर पहाटेचे चार वाजतात, आणि तोवर आपला अंक छापून गाड्यांत चढलेला असतो. निकाल दुसऱ्या दिवशीच्या अंकात आला तरी आमची तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी येणारा निकाल मात्र पूर्ण असावा. २०२१ ची फेरी दुरुस्त चौकटीत अशी दिसेल: डिनामो झाग्रेब वि. टॉटनहॅम, ०-२ (लंडन), ३-० (झाग्रेब, अ. वे.), एकूण ३-२.

कळावे,
आपले,
मोमिनपुरा, सदर आणि कामठी येथील काही फुटबॉलप्रेमी वाचक, नागपूर